डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारचं मॉडेल: दोन डबे कापून जोडले पण सांधा उघडतोय, काय चुकतंय?

मयूर_घोरपडी
नमस्कार मंडळी, डेक्कन क्वीनची जुनी, म्हणजे २०२२ ला एलएचबी (नवे, जर्मन धर्तीचे) डबे लागायच्या आधीची डायनिंग कार एचओमध्ये (१:८७ मापाच्या मॉडेलमध्ये) बनवायला घेतलीय. आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याचा, जुन्या पद्धतीचा) डबा २१.३ मीटरचा, म्हणजे १:८७ ला २४५ मिमी. जुन्या युरोपियन सेटमधले २०० मिमीचे दोन डबे होते, दोन्हीचे १२२.५ चे तुकडे कापले, एकाच्या खिडक्या बुजवून किचन करायचं आणि दुसऱ्यात टेबलं. हॅकसॉ ब्लेडने बरोब्बर रेघेवर कापलं, पण कडा सरळ करता करता २ मिमी कमी झाले आणि सुपर ग्लूने जोडलं तर डबा उचलल्यावर छतावर टकटक आवाज होऊन भेग पडली. दोनदा झालं. हा डबा मला मनापासून पूर्ण करायचाय, आजोबा त्याच गाडीने रोज मुंबईला जायचे.

पेठेतला_काका
मयूर, रेघेवर कधीच कापायचं नाही, रेघेच्या बाहेर एक-दीड मिमी सोडून कापायचं आणि उरलेलं घासून आणायचं. खिडकीची जाडसर काच घे, तिच्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर चिकटव आणि डब्याची कापलेली कड त्यावर गोल गोल फिरव, हातात कागद धरून घासलंस तर कड हमखास गोलावते. मधून मधून गुण्या (काटकोन) लावून बघ.
सुपर ग्लू पक्का बसतो पण ठिसूळ, वाकवलं की सुटतो. इथे प्लास्टिक विरघळवणारं पातळ सिमेंट पाहिजे. दोन्ही कडा टेकवून धरायच्या आणि आतल्या बाजूने ब्रशचं टोक नुसतं लावायचं, ते आपोआप फटीत ओढलं जातं. मग हळूच दाबायचं, बाहेर विरघळलेल्या प्लास्टिकची केसासारखी बारीक वळी आली की समजायचं सांधा एकजीव झाला. ती पुसू नकोस, वाळल्यावर घासून काढ. पण आधी जुना ग्लू पूर्ण खरवडून काढ, त्याच्यावर सिमेंट चालत नाही.

लोणावळा_लोकल
काकांचं बरोबर, फक्त सिमेंट लावायच्या आधी उरलेल्या तुकड्यावर एक थेंब टाकून बघ, पृष्ठभाग चिकट झाला तर स्टायरीन, म्हणजे मॉडेलचं नेहमीचं प्लास्टिक. बोगीचं (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याचं) गुळगुळीत प्लास्टिक बऱ्याचदा वेगळं असतं, ते जुळत नाही.
आणि नुसती कडेला कड नको रे, आतून खिडक्यांखाली आणि छताखाली १ मिमी स्टायरीनच्या पट्ट्या सांध्यावर आडव्या बसव, सगळा जोर त्यांच्यावर जातो. फ्लोअर पण जोडणार असशील तर त्याचा सांधा बॉडीच्या सांध्याखाली येऊ देऊ नकोस, २०-२५ मिमी सरकव. २ मिमी कमी पडलेत तर मधे २ मिमीची पट्टी घालून जोड, दोन खिडक्यांमधल्या खांबात आली तर रंगाखाली दिसत पण नाही. एक गोष्ट मात्र मान्य कर, आपला डबा ३.२४ मीटर रुंद म्हणजे ३७ मिमी, युरोपियन साडेबत्तीसच्या आसपास. लांबी जमेल, रुंदी नाही. उभा कापून रुंद करता येतो पण छताचा आकार बिघडतो, मी तरी करणार नाही.

मयूर_घोरपडी
खूप आभार दोघांचे. पट्टी मधे घालायची हे डोक्यातच आलं नव्हतं. लांबी (पुट्टी) कधी भरू?

पेठेतला_काका
किमान एक रात्र थांब, जमलं तर दोन दिवस. सांधा वाळताना आकसतो, घाईत घासून रंग मारलास तर आठवड्याने त्याच जागी खोल रेघ दिसते. मग राखाडी प्रायमर मार, जे लपलंय ते सगळं बाहेर येतं. आणि सध्या हवेत ओल आहे तर लॅकर स्प्रे नको, पांढुरकं येतं. कोथरूडच्या जोशी रेल्वे म्युझियममध्ये एक चक्कर मार, बारीक कामाची नजर तिथे बसते.

मयूर_घोरपडी
शनिवारी बोहरी आळीतून वॉटर पेपर आणतो, काच घरात आहे. पट्टी लावून झाली की आतल्या बाजूचे फोटो टाकतो.