पाठराखण: लिहिणाऱ्यांचे आणि मागणाऱ्यांचे अनुभव

दुसऱ्याच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर पाठराखण, म्हणजे पुस्तकाची शिफारस करणारा छोटा मजकूर, लिहिण्याचा किंवा आपल्या पुस्तकासाठी ती मागण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला, त्यांनी आपले अनुभव इथे लिहावेत. सुरुवात मीच करते. बहिणाबाईंच्या गाण्यांना अत्र्यांची आणि नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला तेंडुलकरांची प्रस्तावना लाभली, ही उदाहरणे डोळ्यांपुढे असल्यामुळे पहिल्या वेळी मी शंभर शब्दांच्या जागेसाठी पाच पाने लिहिली. प्रकाशकांनी त्यातले एकच वाक्य ठेवले. 'पुनरावृत्ती वगळल्यास हा संग्रह अस्सल आहे' असे मी लिहिले होते. छापून आले ते 'हा संग्रह अस्सल आहे'. पुनरावृत्ती तेवढी आत शाबूत राहिली.

*

माझा दोष मी कबूल करतो. मुखपृष्ठ छपाईला निघाले असून फक्त आपल्या मजकुराची जागा रिकामी आहे, असा एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला, तेव्हा भिडेपोटी चाळीस पाने वाचून मी कादंबरीतल्या गावाचे तोंडभरून कौतुक लिहिले. साठाव्या पानावर नायक पुण्याला जातो आणि पुन्हा गावाकडे फिरकतही नाही, हे मला प्रकाशन समारंभात इतर वक्त्यांच्या भाषणांतून कळले.

*

'मजकूर मीच लिहून पाठवतो, आपण खाली फक्त नाव द्या.' असे निरोप मला तीनदा आले आहेत.

*

एका कवीला मी खासगी पत्रात मनापासून दाद दिली होती. त्या पत्रातले वाक्य न विचारता त्याच्या मलपृष्ठावर आले. मी रागावलो, तेव्हा त्याने अमेरिकन कवी व्हिटमनचा दाखला दिला: नामवंत लेखक इमर्सनने १८५५ मध्ये त्याला लिहिलेल्या खासगी पत्रातील वाक्य व्हिटमनने पुढल्याच वर्षी 'लीव्ह्ज ऑफ ग्रास'च्या दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर, परवानगी न घेता, सोनेरी अक्षरांत छापले होते. दाखला बिनतोड होता. कविता मात्र व्हिटमनच्या नव्हत्या. तेव्हापासून मी पत्रातही जपून लिहितो, आणि याचेच मला अधिक वाईट वाटते.

*

मी मागणाऱ्यांपैकी आहे. एका ज्येष्ठ कवयित्रीबाईंनी पाठराखण लिहिण्यास स्पष्ट नकार दिला, परंतु दोन महिन्यांनी माझे हस्तलिखित परत आले, ते पानोपानी पेन्सिलीच्या खुणांसह. संग्रहाच्या मलपृष्ठावर मी माझीच एक कविता छापली. बाईंनी खोडलेल्या दोन ओळी तीत नाहीत.