७३ सालचा पाझर तलाव: पायथ्याशी धार, माथ्यावर भेगा. पावसाळ्याआधी काय करावं?

कोरडवाहू
मराठवाड्यातलं गाव. बहात्तरच्या दुष्काळी कामातून उभा राहिलेला मातीचा बांध, लांबी २६० मीटर, ओढ्याच्या जागी उंची ९ मीटर. तलाव भरला की पिछाडीच्या (पाण्याच्या उलट बाजूच्या) पायथ्याशी, जुन्या ओढ्याच्या पात्रात, बारीक धार लागते. माथ्यावर दोन भेगा: एक लांबीला समांतर, दुसरी आडवी. उतारावर वेड्या बाभळी आणि घुशींची बिळं. सांडव्याच्या उंबऱ्यावर मासेवाल्यांनी वाळूच्या गोण्या रचल्यात, साधारण ४० सेंमी. ग्रामसभेत ठराव येतोय की जेसीबीनं बाभळी उपटायच्या आणि धारेवर काळी माती दाबून ती बंद करायची. पाठिंबा द्यावा का?

गाभाभरण
देऊ नका. दोन्ही कामांनी बांध आहे त्याहून कमजोर होईल.

आधी धारेचं. पाझर तलाव झिरपण्यासाठीच बांधतात, म्हणून त्याचा पाया-खंदक (बांधाखालून झिरपणारं पाणी अडवायला मातीनं भरलेला चर) साठवण तलावाइतका खोल नेत नाहीत. ते पाणी सर्वांत खोल जागी, म्हणजे जुन्या पात्रात, वर येणारच. बघायचं ते हे की पाणी सोबत काय आणतंय. काचेच्या बाटलीत भरून रात्रभर स्थिर ठेवा. तळाशी मातीचा थर बसला तर भरावातली किंवा पायातली माती वाहून जातेय, आतून नळी पोखरली जातेय. निवळ राहिलं तर मोजत राहा. धार एका चरीत आणून १५ लिटरची बादली किती सेकंदात भरते ते आठवड्याला लिहा, शेजारी तलावाची पातळी. २० सेकंद म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर. पातळी तीच आणि धार वाढली, की धोका. धार एकाएकी आटली तरी खूश होऊ नका, ती दुसरीकडे फुटली असेल.

काळी माती दाबली की पाणी थांबत नाही, आत तुंबतं. पिछाडीचा उतार फुगतो आणि घसरतो. तिथे उलटी गाळणी हवी: खाली १५ ते २० सेंमी धुतलेली जाड वाळू, वर तेवढीच बारीक खडी, त्यावर ४० ते ८० मिमीचा दगड. पाणी निघून जातं, माती अडते. क्रम उलटा केला तर गाळणीचा काहीच उपयोग नाही, आणि गावोगाव नेमका तो उलटा होतो.

मोजपट्टी
दोन भेगांना एकच औषध नाही. काळ्या मातीत उन्हाळ्यात वरवर भेगा पडतातच. खोली बघायला भेगेत पाण्यात कालवलेला पातळ चुना ओता आणि बाजूने खणून पांढरी रेघ कुठवर गेली ते पाहा. आडवी भेग जास्त वाईट, कारण ती तलावाकडून थेट पिछाडीकडे वाट देते. ती पूर्ण संचय पातळीच्या (तलाव सांडव्यापर्यंत भरल्यावरच्या पाण्याच्या पातळीच्या) खाली उतरत असेल तर तेवढं पाणी यंदा साठवूच नका. दुरुस्तीला भेगेच्या तळाच्या ३० सेंमी खालपर्यंत चर खणा, बाजू उतरत्या ठेवा, त्याच जातीची ओलसर माती १५ सेंमीच्या थरांनी घालून कुटा. वरून सिमेंट ओतणं ही नुसती मलमपट्टी.

समांतर भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर आणि उंचीतला फरक मोजा. एक कड खाली बसत असेल आणि पायथा फुगलेला दिसला तर उतार सुटतोय, तिथे अभियंताच हवा.

कोरडवाहू
आणि बाभळी, गोण्या? शिवाय भरावातून जाणारी जुनी ह्यूम (काँक्रीटच्या) पाइपची मोरी आहे, तिचं गेट गंजून बसलंय.

गाभाभरण
गोण्या आजच काढा, याला ठराव लागत नाही. २० मीटर रुंद सांडव्यावरून १ मीटर खोलीनं पाणी गेलं तर सेकंदाला साधारण ३४ घनमीटर जातं. उंबरा ४० सेंमी चढवला की खोली उरते ६०, विसर्ग १६ च्या आसपास. उरलेलं माथ्यावरून जाईल, आणि मातीचा बांध माथ्यावरून पाणी गेलेलं सोसत नाही. सांडव्याच्या पुढची चरही बघा, तिथे कुणी बांध घालून पेरलेलं असतं.

मनगटाएवढ्या बाभळी मुळाशी कापा, उपटू नका. मोठ्या झाडांची मुळं कापल्यावर कुजून पोकळी ठेवतात, म्हणून ती पाणी खाली गेल्यावर, अभियंत्याच्या देखरेखीखाली, मुळासकट काढून खड्डा थराथरानं भरायचा. गवत राहू द्या. बिळांत नऊ भाग माती, एक भाग सिमेंट असा पातळ राबडा ओता.

मोरीकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. पाइपाच्या कुशीत माती नीट कुटली जात नाही, म्हणून पाणी पाइपाच्या बाहेरून वाट काढतं. १९६१ साली पानशेत धरणाचा भराव खचला तो विमोचकाच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) मोरीवरच. मोरीच्या तोंडाशी पाइपाबाहेरून पाणी येतंय का, आणि माथ्यावर नेमक्या त्या रेषेत खळगा पडलाय का, हे दोन्ही तपासा. गेट पावसाळ्याआधी चालू करून घ्या, संकटात पाणी उतरवायला दुसरी वाट नाही. मात्र एरवी दिवसाला ३० सेंमीपेक्षा वेगानं उतरवू नका, आघाडीचा (तलावाकडचा) ओला उतार घसरतो.

मोजपट्टी
कागदावरचं थोडं. १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव बहुधा जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे शाखेकडे असतात. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरवरच्या आणि काही अटींत १० ते १५ मीटरच्या धरणांना लागतो, ९ मीटरचा तुमचा बांध त्यात बसत नाही. म्हणून अर्ज तोंडी नको. धारेची वही, भेगांचे मोजपट्टीसकट फोटो आणि ग्रामसभेचा ठराव जोडून लघुपाटबंधारेला द्या, प्रत तहसीलदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना (जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच), पोच घ्या. २०१९ च्या जुलैत चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, त्याआधी गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी केल्या होत्या. नंतर खापर खेकड्यांवर फोडलं गेलं.

ठरावात एक ओळ घाला: धार गढूळ झाली किंवा माथा खचला तर ओढ्याकाठची घरं कुणी, कोणत्या उंच जागी हलवायची. पावसात रात्री फेरी माथ्यावरून नको, पायथ्यापासून दूर बाजूनं, दोघांनी, बॅटरी घेऊन.