डेटाबेसमधला मराठी अकारविल्हे क्रम कसा तपासावा? सल्ला हवा

स्वयंसेवक_वाचनालय

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकयादी मी पोस्टग्रेस १६ या डेटाबेसमध्ये घेतली आहे. सुरुवातीला डेटाबेस ‘सी’ लोकेलवर (भाषेचे नियम न बघणाऱ्या मांडणीवर) होता, म्हणजे क्रम निव्वळ युनिकोड क्रमांकांचा. ग्रंथपाल काकूंनी यादी हातात घेतली आणि दोन मिनिटांत विचारलं, “‘कळस’ ‘कविता’च्या आधी कसा आला? ‘क्ष’ची पुस्तकं ‘क’मध्ये का? आणि ‘ॲ’ची सगळी ‘ह’च्याही मागे?”

कारण शोधलं. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल नंतर आणि व च्या आधी बसतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. क्ष आणि ज्ञ यांना स्वतंत्र क्रमांकच नाहीत, ते क, हलन्त, ष आणि ज, हलन्त, ञ असे जुळून बनतात. पोस्टग्रेस १६ पासून आयसीयू (युनिकोडचे नियम पाळणारी लायब्ररी) कोलेशनला, म्हणजे क्रम लावण्याच्या नियमसंचाला, स्वतःचे नियम देता येतात, म्हणून एक कोलेशन तयार करून हा नियम घातला:

&ह < ळ < क्ष < ज्ञ

यादी आता बरी दिसते. पण काकूंनी तीस वर्षं कार्डं हाताने लावली आहेत. नुसत्या ‘बरी दिसते’वर मला यादी त्यांच्यापुढे ठेवायची नाही. असा क्रम तुम्ही कसा तपासता?

विदारक्षक

पहिली गोष्ट: अपेक्षित यादी डेटाबेसकडून घेऊ नका. बरेच जण क्वेरी (डेटाबेसला विचारणा) चालवतात, आलेला क्रम फाइलमध्ये ठेवतात आणि पुढच्या वेळी त्याच्याशी ताडून पाहतात. त्यात क्रम बदलला की नाही एवढंच कळतं, बरोबर होता की नाही ते कळतच नाही. साठसत्तर शब्द कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा आणि काकूंना लावायला द्या. त्यांनी लावलेल्या क्रमाने प्रत्येक शब्दाला १, २, ३ असे आकडे द्या. मग शब्द आणि आकडा टेबलमध्ये भरा, पण पिसून भरा. लावलेल्या क्रमानेच भरले, तर क्वेरीत कोलेशन लावायचं राहून गेलं तरी ओळी योगायोगाने बरोबर येऊ शकतात आणि चाचणी पास होते. दर वेळी वेगळ्या क्रमाने भरा, शब्दावर क्रम लावा, आणि आकडे चढत येतात का ते बघा.

शब्द निवडताना एक लक्षात ठेवा. मराठीत ळ ने शब्द सुरू होत नाही. त्यामुळे नुसती आद्याक्षरं चाळली तर ळ ची चूक जन्मात दिसणार नाही. ळ दुसऱ्या-तिसऱ्या जागी असलेल्या जोड्या घ्या: कविता आणि कळस, पहाट आणि पळस, बहर आणि बळ. शिवाय काना-मात्रांचे शब्द हवेत (कौल आधी, क्रम नंतर), अनुस्वाराचे हवेत (अंक आणि अकरा). अनुस्वार कुठे धरायचा हेही काकूंनाच विचारा.

ॲ साठी वेगळी चाचणी ठेवा. तो तीन तऱ्हांनी टंकलेला सापडतो: ॲ हे स्वतंत्र अक्षर, अ वर चंद्र, आणि ऍ. पडद्यावर जवळजवळ सारखेच दिसतात, पण यंत्राला तिन्ही निराळे. युनिकोडचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका साच्यात आणणं) केलं तरी ते एकत्र येत नाहीत, कारण स्वतंत्र ॲ ची फोड तिथे दिलेलीच नाही. क्रमाच्या नियमांवर हा भार टाकू नका, भरतानाच एक रूप करून घ्या. शासनाने २००९ साली ठरवलेल्या वर्णमालेत ए, ॲ, ऐ असा क्रम आहे.

चाचणीवाली

वरच्या सल्ल्यात माझी भर. ठरलेल्या शब्दांवर क्रम बरोबर येणं हे अर्धंच काम. तुलना मुळात सुसंगत आहे का, तेही तपासा. टेबल स्वतःशी जोडून सगळ्या जोड्या काढा: अ ब पेक्षा लहान असेल तर ब अ पेक्षा मोठा हवा. मग तिघांचे गट: अ < ब आणि ब < क असेल तर अ < क हवंच. सत्तर शब्दांचे ३,४३,००० गट होतात, यंत्र ते पटकन उरकतं.

आयसीयूच्या नियमांत ही चूक सहसा होत नाही. पण एस्क्यूलाइट या छोट्या डेटाबेससाठी कुणी पायथनमध्ये स्वतः तुलनेचं फंक्शन लिहिलं असेल, तर मी ही चाचणी झाल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नाही. तिथे फंक्शन चुकलं तर एरर येत नाही. इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्याची सूची) चुकीचा बांधला जातो आणि असलेली नोंद सापडेनाशी होते. फंक्शन नंतर दुरुस्त केलं तरी इंडेक्स पुन्हा बांधावा लागतो.

आणखी एक: तीच क्वेरी इंडेक्स वापरून आणि न वापरता चालवा. दोन्ही निकाल अक्षरशः सारखे हवेत.

दर्यावर्दी

मायएस्क्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर असणाऱ्यांसाठी. ८.० च्या तयार यादीत मराठीचं स्वतंत्र कोलेशन नाही. स्वतःचं लिहिण्याची सोय आहे, पण ८.०.३३ पासून ती मोडीत काढायची म्हणून जाहीर झाली आहे, नव्या कामात तिच्यावर विसंबू नका.

क्रमाइतकीच समानता तपासा. तिथलं नेहमीचं ‘०९०० एआय सीआय’ कोलेशन खुणा धरत नाही. ऱ म्हणजे र आणि नुक्ता, त्यामुळे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ त्याला एकच. युनिक (एकच मूल्य दोनदा न चालणाऱ्या) कॉलमवर दुसरा शब्द नाकारला जातो, गटवारीत दोन्ही एका ओळीत येतात. समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या एक झालेल्या मला चालत नाहीत. खुणा धरणारं ‘एएस सीएस’ घेतलं तर हे दोन वेगळे होतात. मात्र काही जण ऱ्य हे र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (अक्षरं जोडून दाखवायला सांगणारं चिन्ह) घालून टंकतात. जोडकाला तुलनेत वजनच नाही, म्हणून तसा टंकलेला ‘दर्‍या’ तिथेही ‘दर्या’शी समान ठरतो. ही तिन्ही रूपं चाचणीच्या यादीत असू द्या.

जुनी_पाटी

माझा सल्ला अपग्रेडबद्दल, आणि तो अनुभवाने आला आहे. एका कामात आम्ही सर्व्हरवरच्या डेबियन लिनक्सच्या आवृत्ती ९ वरून १० वर गेलो. त्यात ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ आली, आणि तिच्यात क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले होते. इंग्रजी आकड्यांतलं ‘१-१’ पूर्वी ‘११’च्या नंतर लागायचं, आता आधी लागायला लागलं. आमचे सभासद क्रमांक अशाच आडव्या रेघेचे. इंडेक्स जुन्या क्रमाने बांधलेला, शोध नव्या क्रमाने. सभासद समोर उभा आणि त्याची नोंद सापडत नाही. परत भरली तर युनिक असूनही दुसरी नोंद बसली. ती दुरुस्ती करताना रात्र गेली.

म्हणून चाचणीची यादी सर्व्हर हलवताना, सर्व्हरची नवी प्रतिमा (तयार इमेज) घेताना, आयसीयूची आवृत्ती बदलताना दर वेळी चालवा. पोस्टग्रेस कोलेशनची आवृत्ती नोंदवून ठेवतो आणि ती जुळली नाही तर इशारा देतो. तो इशारा ‘रिफ्रेश व्हर्जन’ने (नोंदलेली आवृत्ती बदलणाऱ्या आज्ञेने) नुसता गप्प करू नका. आधी रीइंडेक्स (इंडेक्स पुन्हा बांधणं), मग रिफ्रेश. ॲमचेक हे एक्स्टेंशन इंडेक्समधला क्रम तपासून देतं, तेही घालून ठेवा. आणि चाचणी अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या डब्यात (कंटेनरमध्ये) व खरा सर्व्हर डेबियनवर असं करू नका. अल्पाइनच्या मसल लायब्ररीत भाषेप्रमाणे क्रम लावण्याची सोयच नाही.

स्वयंसेवक_वाचनालय

सगळ्यांचे मनापासून आभार. काल काकूंकडे चिठ्ठ्या घेऊन बसलो. अडुसष्ट शब्द त्यांनी पंचवीस मिनिटांत लावले.

एक जागा मात्र माझ्या नियमाशी जुळली नाही. क्ष आणि ज्ञ ने सुरू होणारी पुस्तकं शेवटी, त्यांचे खण तसेच आहेत. पण शब्दाच्या मध्ये आलेला ज्ञ त्या ज मध्येच धरतात: विचार, विजय, विज्ञान, विहीर, विळा. माझ्या नियमाने ‘विज्ञान’ ‘विळा’च्याही मागे गेलं होतं. त्या म्हणाल्या, “विज्ञानाचं पुस्तक मागायला आलेलं पोर विहिरीच्या पुढे कशाला शोधेल?” हे नियमात कसं सांगायचं?

विदारक्षक

ही चिठ्ठ्यांचीच कमाई, आपण कोणी हे विचारलं नसतं. आयसीयूचा असा नियम जोडाक्षर शब्दात कुठेही आलं तरी लागतो, ‘फक्त सुरुवातीला’ असं त्याला सांगता येत नाही. तेव्हा काम दोन भागांत करा. कोलेशनचा पाया ‘एमआर’ (मराठी) नको, त्यात क्ष-ज्ञ चे नियम आधीच असतील. पाया ‘यूएनडी’ (कुठल्याच भाषेचा नसलेला) घ्या आणि नियम एवढाच ठेवा:

&ह < ळ

मग शीर्षकावरून आपोआप भरणारा एक गट-कॉलम: क्ष ने सुरुवात असेल तर १, ज्ञ ने असेल तर २, नाहीतर ०. क्रम लावताना आधी गट, मग शीर्षक, आणि शेवटी दाखल क्रमांक. तो शेवटचा विसरू नका. एकाच नावाच्या दोन प्रती असतील आणि त्यांच्यातला क्रम ठरलेला नसेल, तर पान उलटताना एखादी प्रत दोनदा दिसते आणि एखादी दिसतच नाही.

पडद्यावर अक्षरांची बटणं आहेत का? ‘क’चं बटण ‘लाइक’ने (नमुन्याशी जुळणारा मजकूर शोधणाऱ्या अटीने) शोधत असेल तर ‘क्षमा’ तिथेही येईल. ‘लाइक’ अक्षरं बघतो, क्रमाचे नियम बघत नाही. गट-कॉलमची अट तिथेही लावा आणि त्याची चाचणी वेगळी लिहा.

स्वयंसेवक_वाचनालय

केलं. अडुसष्टपैकी सदुसष्ट जागेवर आले. उरलेला एक ‘क्षितिज’: गट १ व्हायला हवा होता, ० झाला. अक्षरं सुटी करून पाहिली तर हलन्तानंतर तोच न दिसणारा जोडक निघाला. मग सगळ्या यादीत शोधलं, आणखी अकरा पुस्तकांच्या नावांत क्ष तसाच टंकलेला आहे. भरतानाच क्ष मधला जोडक काढून टाकायची सोय आज करतो. जोडक असलेला क्ष चिठ्ठी क्रमांक ६९ म्हणून यादीत घातला आहे. उद्या काकू वाचनालयात आल्या की त्यांच्यासमोर चालवणार.