उड्डाणपुलाखालची जागा कुणाची? बाग, तालमीची जागा की निवारा?

परळकर
माटुंग्याला आंबेडकर रस्त्यावरच्या तुळपुळे उड्डाणपुलाखाली पूर्वी गाड्या, कचरा आणि गर्दुल्ले असत. रहिवाशांनी पाठपुरावा केला आणि २०१६ मध्ये तिथे नानालाल मेहता उद्यान झालं. नर्मदेच्या वळणांसारखी आखलेली जवळपास ६०० मीटरची पायवाट, माणसं चालताहेत. २०२२ मध्ये लोअर परळला सेनापती बापट मार्गाच्या पुलाखाली 'वन ग्रीन माइल' आलं. तिथे व्यायामाची, वाचनाची जागा आहे, छोटा खुला रंगमंचही आहे.

माझं म्हणणं, एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक पुलाखालचा निदान एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधली जागा, कलेसाठी राखा. ज्या गिरणगावात अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांची शाहिरी घुमली, तिथे आज हौशी मंडळींना तालमीला खोली परवडत नाही. परळचं दामोदर नाट्यगृहही २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं. पुलाखाली छप्पर आयतं आहे. भर पावसातही तालीम करता येईल.

रात्रपाळी
छप्पर आयतं आहे, म्हणूनच तिथे माणसं झोपतात! तुमच्या पोस्टमध्ये ती फक्त 'गर्दुल्ले' म्हणून आली, याचा मला राग आला. त्यांत नाक्यावर काम शोधणारे मजूर असतात, फुगे विकणारी कुटुंबं असतात. जाळी लागते, फाटक येतं, वेळा ठरतात आणि ही माणसं पुढच्या पुलाखाली सरकतात. शहरांत लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. आधी ते करा, मग रंगमंच.

दक्षिण कोरियात सोल शहरातल्या चोंगग्येचोन ओढ्याचं उदाहरण नेहमी देतात. २००३ मध्ये त्यावरचा उन्नत रस्ता पाडायला घेतला, २००५ मध्ये ओढा खुला झाला, सुंदरच आहे. पण तिथल्या फेरीवाल्यांना एका जुन्या स्टेडियममध्ये हलवलं आणि पुढे ते स्टेडियमही पाडलं. हे कुणी सांगत नाही.

धूर
सोलचा विषय निघालाच आहे तर मूळ फरक बघा. त्यांनी रस्ताच काढला. १९७० चा दुसरा एक उड्डाणपूल गाड्यांना बंद करून २०१७ मध्ये 'सोलो ७०१७' नावाने पादचाऱ्यांना दिला. त्याचे वास्तुरचनाकार एमव्हीआरडीव्ही ही नेदरलँड्सची संस्था, आणि 'वन ग्रीन माइल'मध्येही तेच आहेत. इथे मात्र पुलावर गाड्या, दोन्ही बाजूंना गाड्या, मध्ये झाडं. एकही गाडी कमी झाली नाही. अशा जागी लहान मुलांना खेळायला आणणं मला पटत नाही. रस्ता ओलांडून बागेत पोचायचं म्हणजे आजीआजोबांची परीक्षाच.

परळकर
@रात्रपाळी, निवारा आधी, हे मान्य. पण एकाच पुलाखाली कितीतरी गाळे असतात. दोन निवाऱ्याला, दोन तालमीला, उरलेले चालायला, असं का नको? आणि निवाऱ्याला भिंती, न्हाणीघर, आरोग्यसेवा लागते. नुसता स्लॅब म्हणजे निवारा नव्हे.

@धूर, पूल पाडायला कोण तयार होईल? तोवर जागा भंगार गाड्यांना द्यायची का?

धूर
पाडा म्हणत नाही. रविवारी सकाळी खालचा रस्ता बंद ठेवा, बाजूची एक मार्गिका कायमची पदपथाला द्या. एवढं केलंत तर मी तुमच्या बाजूने.

पथकातली
पुण्याहून लिहितेय. आमचं ढोल-ताशा पथक गणपतीआधी नदीकाठी, पुलाजवळ सराव करतं, म्हणून थोडं अनुभवाचं. काँक्रीटच्या स्लॅबखाली आवाज इतका घुमतो की ताशाचे बोल कळत नाहीत, आणि आसपासचे लोक तक्रार करतात ते बरोबरच असतं. त्यामुळे 'कला' असं सरसकट म्हणू नका. चित्रं, वाचन, कवितावाचन, मुलांची नाटुकली चालतील. ढोल नाही, लाउडस्पीकर तर अजिबात नाही.

दुसरं, तालमीला बायका-मुली येतात. स्वच्छतागृह, उजेड आणि पाणी नसेल तर आठवड्याभरात येणं थांबतं. आराखड्यात झाडांच्या जाती लिहिलेल्या असतात, स्वच्छतागृह विसरलेलं असतं.

रात्रपाळी
आणि किल्ली कुणाकडे? 'वन ग्रीन माइल'चं काम कार्यालयांच्या जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या पैशातून झालं. उद्या देखभालीचा करार संपला, तर दिवे कोण लावणार?

परळकर
हा प्रश्न खरा आहे. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाकडे लेखी मागायचं: उघडण्या-मिटण्याच्या वेळा, देखभालीचा खर्च कोण करणार, आणि गाळे ठरवताना तिथे झोपणाऱ्यांशीही बोलणार का. निवाऱ्याचा मुद्दा अर्जात पहिला असेल. रात्रपाळी, मसुदा तुम्ही तपासाल का?