मदत हवी आहे: आईच्या वजनामुळे बाळाला दमा होतो का?

दुसरी खेप आहे, तेरावा आठवडा. उंची १५८ सेंमी, वजन ७८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) ३१च्या वर.

थोरला चार वर्षांचा. दीड वर्षाचा होता तेव्हापासून सर्दी झाली की छाती वाजते. रात्री झोपेत बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते आणि मी मोबाइलच्या उजेडात त्याचे श्वास मोजत बसते. दम्याच्या पंपाला जोडायच्या नळीच्या, म्हणजे स्पेसरच्या मास्कवर त्यानेच अस्वलाचं स्टिकर चिकटवलंय, त्यामुळे घरात पंप कुणी म्हणत नाही, अस्वल म्हणतात.

परवा जाऊबाई सहज बोलून गेल्या, "तो पोटात असताना केवढी वाढली होतीस, त्याचंच हे." तेव्हा १९ किलो वाढले होते हे खरंय. नवऱ्याला रोज उठल्या उठल्या दहा-पंधरा शिंका येतात, त्या मात्र कुणी मोजत नाही!

यात तथ्य किती? आणि आता वजन उतरवलं तर धाकट्याला फायदा होईल का? दोन दिवस रात्री जेवले नाहीये. डॉक्टरांची तारीख पुढच्या आठवड्यात आहे.

प्रतिसाद १

ताई, आधी जेवून घ्या. गरोदरपणात वजन उतरवायला उपाशी राहायचं नसतं. वाढ आटोक्यात ठेवायची. बीएमआय ३० किंवा जास्त असेल तर पूर्ण नऊ महिन्यांत ५ ते ९ किलो वाढ, असं अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९मध्ये सुचवलंय. तुमच्यासाठी आकडा किती, ते डॉक्टर ठरवतील.

आता जाऊबाईंचं. संबंध दिसतो, पण त्या म्हणतात तेवढा नाही. २०१४मध्ये १४ अभ्यास एकत्र करून एक लाखावर मायलेकरांची माहिती तपासली गेली. लठ्ठ आईच्या मुलांत दम्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी जास्त निघाली, गरोदरपणात वजन फार वाढलं असेल तर त्याहून कमी फरक. ऐकायला मोठं वाटतं. पण शंभरातल्या दहा मुलांना एरवीही दमा होणार असेल, तर ते साधारण तेरा होतात. उरलेल्या सत्त्याऐंशी जणांच्या आयाही तितक्याच जाड असतात.

कारण काय असावं? चरबी नुसती साठून राहत नाही. तिच्यातून लेप्टिनसारखी संप्रेरकं आणि दाह वाढवणारे पदार्थ रक्तात उतरतात, आणि त्याचा परिणाम बाळाच्या फुप्फुसांच्या आणि प्रतिकारशक्तीच्या घडणीवर होत असावा. 'असावा' मुद्दाम लिहिलंय. कारण एकाच घरातलं खाणं, हवा, अनुवंश हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. इसब आणि ॲलर्जीच्या सर्दीशी तर आईच्या वजनाचा संबंध दम्याइतकाही स्पष्ट नाही. तिथे आईवडिलांची स्वतःची ॲलर्जी जास्त बोलते. तेव्हा नवऱ्याच्या शिंका डॉक्टरांना जरूर सांगा.

शिवाय पाच वर्षांखालच्या कितीतरी मुलांची छाती फक्त विषाणूच्या सर्दीतच वाजते आणि पुढे थांबते. त्या सगळ्यांना दमा म्हणत नाहीत.

प्रतिसाद २

वरच्यांनी वजनाचं सांगितलंय, मी बरगड्यांचं सांगते. कातडी आत ओढली जात असेल तर मोजत बसू नका. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे पंप द्या, आणि आराम पडला नाही, बोलताना धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. या वयात शांत झोपेत मिनिटाला चाळिसाच्या वर श्वास म्हणजे जास्त.

आणि एक राहिलं: घरात धूर? गरोदर बाईच्या आसपासची सिगारेट आणि नंतर बाळाच्या आसपासची, दोन्ही टाळता येतात. वजनापेक्षा हे लवकर हाताशी येतं.

धागाकर्ती

जेवले. दोघींचे आभार.

धुराचं वाचून "आमच्याकडे कुणी ओढत नाही" असं लिहायला घेतलं होतं. सासरे गॅलरीत ओढतात. गॅलरीचं दार थोरल्याच्या खोलीत उघडतं.