मदत हवी आहे: बीएस्सीनंतर पुरातत्त्व, पण प्रयोगशाळेतलं

नमस्कार मंडळी. मी बीएस्सी रसायनशास्त्र, शेवटचं वर्ष. पुणे जिल्ह्यातलं इनामगाव, तिथली सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती, तिथला तो चार पायांचा मातीचा रांजण, आत बसवून पुरलेला माणूस, त्याबद्दल वाचलं आणि डोक्यात किडाच शिरला. घोड नदीकाठच्या त्या गावात 1968 ते 1983 उत्खनन चाललं. जळके सातूचे दाणे, जनावरांची हाडं, त्यांवरून लोक काय खात ते कळलं. मला हेच करायचंय. राजांच्या सनावळ्या पाठ करायला लावू नका बुवा!

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एमए करावं, की आधी एमएस्सी करून मग कार्बन कालमापन (अवशेषांतल्या कार्बनवरून त्यांचं वय काढणं), समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, हाडांतल्या त्यांच्या प्रमाणावरून आहार कळतो) यांकडे वळावं? इतिहास बारावीलाही नव्हता, अडेल का? तिथे शिकलेलं कुणी आहे का? बाबा विचारतायत, "खड्डे खणून पोट भरतं का?" त्याचंही उत्तर हवंय.