नगरपरिषदेनं गावची वीज स्वतः वाटावी का? काटोल, उमरेड, सावनेरच्या निमित्तानं

महालकर (धागा सुरू करणारा)

विजेचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच बाजू पडतात, एक महावितरणची आणि दुसरी खाजगी कंपनीची. नागपूरनं दोन्ही अनुभवल्या. मे २०११ मध्ये महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स हे तीन विभाग फ्रँचायझीकडे, म्हणजे महावितरणच्या वतीनं वीज वाटून बिलं वसूल करणाऱ्या खाजगी कंपनीकडे गेले, काँग्रेसनगर महावितरणकडेच राहिला. करार १५ वर्षांचा होता. आधी स्पॅन्को आली, मग मालकी एस्सेल समूहाकडे गेली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये आर्थिक अडचण सांगून कंपनी बाहेर पडली. कंपनी आली तेव्हा आणि गेली तेव्हाही गावाचं मत कोणी घेतलं नाही.

माझा प्रस्ताव तिसरा आहे. २००३ च्या वीज कायद्यानुसार महावितरण ज्याला फ्रँचायझी नेमेल त्याला वेगळा परवाना लागत नाही. मग ती जागा कंपनीनंच का घ्यावी? नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, उमरेड, सावनेरसारख्या गावाची नगरपरिषद का नाही? उपकेंद्रातून गावाला किती युनिट गेले ते मीटरवर मोजायचं, ठरलेल्या दरानं त्याचे पैसे महावितरणला द्यायचे, गावात बिलं वाटायची, वसुली करायची. चोरी आणि गळती जितकी कमी होईल तितका पैसा उरेल. फ्रँचायझी कंपनी असली की तो तिच्या खिशात जातो. तो गावाच्या तारा, डीपी आणि कर्मचाऱ्यांवर खर्च व्हावा.

जगात हे नवीन नाही. अमेरिकेचं नेब्रास्का राज्य तर पूर्णपणे सार्वजनिक मालकीच्या विजेवर चालतं. टेनेसीतल्या चॅटनूगाचं वीज मंडळ १९३५ पासून शहराचं आहे. त्यानं स्वतःच्या तारांबरोबर ऑप्टिकल फायबर टाकली आणि २०१० मध्ये घराघरात गिगाबिट इंटरनेट दिलं.

एक अट मात्र मी सोडणार नाही. विजेचं खातं वेगळं, बँक वेगळी, लेखापरीक्षण वेगळं. त्यातला एक रुपयाही रस्त्याच्या डांबराला किंवा उत्सवाच्या मंडपाला जाता कामा नये.

उपकेंद्रवाला

भाऊ, कागदावर सगळं बरोबर आहे. मी आयुष्य उपकेंद्रात काढलं, म्हणून सांगतो. मे महिन्यात सगळे कूलर एकाच वेळी चालू होतात, डीपी तापते, तेल गळतं, फ्यूज उडतो. त्यातच वादळ येतं आणि झाड तारेवर पडतं. त्या रात्री दुसरा ट्रान्सफॉर्मर कुठून आणणार? महावितरणकडे शेजारच्या विभागातून आणायची सोय असते, माणसंही दुसऱ्या तालुक्यातून येतात. एका गावाच्या नगरपरिषदेकडे चार वायरमन आणि एक शिडी, बस. खांबावर चढण्याआधी परमिट घेऊन लाइन बंद करणं ही शिस्त आहे. ती मोडली की माणूस मरतो. ठेकेदाराच्या पोरांना ही शिस्त कोण शिकवणार?

सावनेरची ताई

माझा आक्षेप पैशावर आहे. कितीतरी नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याच्या पंपांची बिलं थकवतात. जी संस्था स्वतःचं बिल भरत नाही, ती दुसऱ्याकडून वसुली कशी करणार?

आणि वीज तोडायची कोणी? कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन पुरवठा तोडता येतो. आज महावितरणचा माणूस येऊन तोडतो, नगरसेवक हात वर करतो. उद्या तोच मालक झाल्यावर आपल्याच प्रभागातलं कनेक्शन तोडू देईल? निवडणूक वर्षात तर अजिबात नाही. गरिबाचं तुटेल आणि वजनदाराचं चालू राहील, ही माझी खरी भीती आहे.

महालकर

ताई, ही भीती खरी आहे आणि म्हणूनच खातं वेगळं मागतोय. पथदिव्यांचं बिलही नगरपरिषदेनं या खात्यात दर महिन्याला भरायचं. थकबाकीची यादी प्रभागवार नोटीस बोर्डावर लावायची, नगरसेवकांची नावं पहिली. तोडण्याचा निर्णय अभियंत्याचा, सभेचा नाही. बाहेर अनेक ठिकाणी स्वतंत्र वीज मंडळ ठेवतात ते याच कारणानं.

शेतकरी_काटोल

मुळा-प्रवरा आठवते का कोणाला? श्रीरामपूरकडची वीज सहकारी संस्था. लोकांची संस्था, लोकांचे सभासद, आणि घेतलेल्या विजेची थकबाकी वाढत गेली. २०११ च्या सुरुवातीला परवाना गेला आणि तो भाग महावितरणकडे आला. लोकांची मालकी म्हटलं की कारभार सुधारतो, हे मला मान्य नाही.

महालकर

मग हुक्केरीही पाहा. बेळगाव जिल्ह्यातली ग्रामीण वीज सहकारी संस्था, १९६९ पासूनची. तेलंगणातल्या सिरसिल्ला संस्थेची सुरुवात १९७० ची. त्या टिकल्या. केरळात त्रिशूर महापालिका स्वतः वीज वाटते. एक बुडालं म्हणून सगळं बुडतं असं नाही. फरक कुठे पडला ते बघू या ना.

शेतकरी_काटोल

फरक कृषिपंपांचा आहे, हेच तर सांगून राहिलो. ज्या भागात पंपांचा भार जास्त तिथे वसुली कमी, आणि मुळा-प्रवरा तशाच भागात होती. तुम्ही गावठाणातली दुकानं, घरं, दवाखाने घेऊन जाणार. तिथून पैसा येतो. आमचे संत्र्याचे मळे मागे राहणार. उद्योग आणि व्यापाऱ्यांच्या दरातून शेतीचा दर खाली ठेवला जातो. एकेक गाव वेगळं झालं तर तो भार कोण उचलेल?

महालकर

हा मुद्दा सगळ्यात वजनाचा आहे. म्हणूनच परवाना न मागता फ्रँचायझी म्हणतोय. फ्रँचायझीत दर वीज नियामक आयोगाचेच राहतात, गावाला स्वस्त वीज मिळणार नाही हे मी आधीच सांगतो. गावानं महावितरणला द्यायच्या दरात क्रॉस सबसिडीचा, म्हणजे शेतीचा दर खाली ठेवायला बाकीचे ग्राहक जो भार उचलतात त्याचा, हिस्सा धरता येतो. गावाला मिळतं ते फक्त गळती कमी केल्याचं.

पुणेवाला_पण_नागपूरचा

मुंबईत बेस्टच्या बसचा तोटा वर्षानुवर्षे वीज ग्राहकांच्या बिलातून वसूल होत होता. संस्था महापालिकेची, म्हणून तिजोरी एक झाली. म्हणजे महालकरांची अट बरोबर, पण ती किती टिकेल यावर माझा भरवसा नाही.

अमेरिकेचंच म्हणाल तर कोलोरॅडोतलं बोल्डर शहर. स्वतःची वीज संस्था काढायची म्हणून ते सुमारे दशकभर तिथल्या वीज कंपनीशी भांडलं, आणि २०२० मध्ये मतदारांनी पुन्हा त्याच कंपनीशी करार करायला कौल दिला. तारा, खांब आणि उपकेंद्रं विकत घेण्याचा आणि कोर्टकचेरीचा खर्च हाच मुख्य अडसर.

महालकर

फ्रँचायझीत तारा महावितरणच्याच राहतात, विकत घ्यायच्या नाहीत. बोल्डरचा खर्च इथे लागू नाही. बेस्टचा मुद्दा मात्र लागू आहे. म्हणून वीज खातं फक्त ठरावावर ठेवू नका. महावितरणशी होणाऱ्या करारातच लिहा की खात्यातून दुसरीकडे पैसा वळवला तर करार रद्द.

उपकेंद्रवाला

करारात तेही लिहा, आणि माणसांचंही लिहा. शेजारच्या तीन-चार गावांनी मिळून एक दुरुस्ती पथक आणि राखीव ट्रान्सफॉर्मर ठेवले, तर माझा पहिला आक्षेप निम्मा जातो. कायम पदं, परवानाधारक वायरमन, सेफ्टी बेल्ट, हातमोजे, टेस्टर आणि विमा. ठेकेदारी चालणार नाही. किती वायरमन नगरपरिषदेच्या आस्थापनेवर घेणार, ते सांगा. आकडा दिल्यावर मी फिडरचा, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनींचा, नकाशा घेऊन बसतो.